लेकराच्या गमती लिहून ठेवायच्या तर

ताई, लेकरू जे बोललं ते त्याच रात्री वहीत लिहा, जसंच्या तसं, सुधरवू नोका, अन् तारीख टाकजा. आमच्या पोरानं तान्ह्या पोळ्याले लाकडी नंदीच्या तोंडाले अख्खी पुरणपोळी चोपडली अन् मंग रडत बसला, का हा खातच नाही! सुरवातीले सारे एकच चूक करतात, लगेच मोबाईल काढतात अन् लेकरू तिथंच थांबून जाते.

दुसरं, त्याच्यासमोर पाहुण्यायले सांगून हासू नोका, त्याले समजते, मंग लाजते अन् बोलणंच बंद करते.

अन् हासता हासता त्याच्या मुठीत काय हाय तेबी पाहा, अख्खे शेंगदाणे-फुटाणे ४ वर्षांपर्यंत नोकोच, घशात अडकतात. वही सजवणं, फोटो चिकटवणं मंग पाहू.