परदेशी विक्रेता म्हणतो, ‘आधी तक्रार बंद करा’

प्रश्न : मी मिरजेत लग्नाच्या व्हिडिओंचे एडिटिंग करतो. शेन्झेनमधल्या एका छोट्या विक्रेत्याच्या वेबसाइटवरून आरएक्स ५८० हे ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड मागवले. ११,४०० रुपये पेपॅल या ऑनलाइन पेमेंट सेवेने, क्रेडिट कार्ड जोडून भरले. कुरिअरने सीमाशुल्क वेगळे घेतले. पहिल्याच आठवड्यात त्रास सुरू झाला. रेंडर लावले की पडद्यावर रंगीत चौकोन येतात, मग पडदा काळा होतो. दुकानात दाखवले तेव्हा कळले की कार्ड २३०४ स्ट्रीम प्रोसेसरचे (चित्राची गणिते करणारे चिपमधले छोटे घटक) नाही, २०४८चे आहे. विक्रेत्याने आधी ड्रायव्हर बदलायला सांगितले, मग १५ टक्के परत देतो म्हणाला. आता लिहितो, ‘पेपॅलवरची तक्रार बंद करा, लगेच सगळे पैसे देतो.’ पैसे भरून ६१ दिवस, पार्सल मिळून ४० दिवस आणि तक्रार नोंदवून १४ दिवस झाले. तक्रार बंद करू का? ग्राहक आयोगात जाऊ की पोलिसांत?

उत्तर : तक्रार बंद करू नका. पेपॅलवर एकदा बंद केलेली तक्रार पुन्हा उघडता येत नाही, आणि विक्रेत्याला हे पक्के ठाऊक असते. पैसे द्यायचेच असतील तर तक्रार उघडी असतानाही तो त्याच पानावरून एका क्लिकमध्ये देऊ शकतो. त्यासाठी तुम्ही आधी काही बंद करण्याची गरज नाही.

उलट आजच एक काम करा. पेपॅलवर तक्रार दोन पायऱ्यांनी चालते. पहिल्या पायरीवर, म्हणजे ‘डिस्प्यूट’मध्ये, तुम्ही आणि विक्रेता आपसांत बोलता आणि पेपॅल नुसते पाहते. तुम्ही ती दुसऱ्या पायरीवर, ‘क्लेम’मध्ये म्हणजे दाव्यात, नेली की निर्णय पेपॅल देते. पहिल्या पायरीला २० दिवसांची मुदत आहे. ती उलटली की तक्रार आपोआप बंद होते. तुमचे १४ दिवस गेले, उरले ६. मुळात तक्रार नोंदवायला पैसे भरल्यापासून १८० दिवस मिळतात. पण एकदा नोंदवली की हे २० दिवसांचे घड्याळ सुरू होते, आणि बहुतेक ग्राहक इथेच फसतात. ड्रायव्हर बदला, बायोस बदला, आमच्या इंजिनिअरला विचारतो, सुटी होती, या सगळ्या निरोपांनी फक्त तुमचे दिवस जातात.

आता तक्रारीचा पाया. तुमच्याकडे दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या तुम्ही एकत्र केल्या आहेत. कार्ड बिघडलेले आहे ही एक. सांगितले तेच कार्ड पाठवलेले नाही ही दुसरी. बिघाडावर भांडलात तर विक्रेता म्हणेल की तुमचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) कमजोर आहे, तुम्ही ओव्हरक्लॉक केले म्हणजे कार्ड ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवले, कुरिअरने आपटले, आणि हजारो किलोमीटरवर बसलेल्या तपासनिसाला खरे-खोटे ठरवता येणार नाही. वर्णनावर भांडलात तर वाद एका आकड्याचा उरतो. एएमडी या चिप कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या आरएक्स ५८०मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात. ऑक्टोबर २०१८मध्ये चीनच्या बाजारासाठी २०४८ प्रोसेसरचे कार्ड त्याच नावाने आले, आणि प्रोसेसरच्या संख्येने ते आरएक्स ५७०च्या बरोबरीचे आहे. तेव्हापासून असली कार्डे नुसती ‘५८०’ म्हणून खपवली जातात. प्रोसेसर कमी असणे हा चिपचाच गुण आहे. एसएमपीएस, ड्रायव्हर किंवा कुरिअर यांच्यामुळे २३०४चे २०४८ होत नाहीत. म्हणून दाव्यात ‘वर्णनाशी लक्षणीय विसंगत’ हे कारण पहिले लिहा आणि बिघाड दुसरा.

त्याआधी जाहिरातीचे पान नीट वाचा. शीर्षकात किंवा खालच्या बारीक तक्त्यात ‘२०४८एसपी’ (म्हणजे २०४८ स्ट्रीम प्रोसेसर) लिहिलेले असेल तर हा मुद्दा लंगडा पडतो, मग बिघाडावरच उभे राहावे लागेल. लिहिलेले नसेल तर पूर्ण पानाचा स्क्रीनशॉट वेबपत्ता आणि तारखेसह आजच घ्या आणि पान पीडीएफ करून ठेवा. तक्रार वर गेली की विक्रेते पान बदलतात किंवा काढून टाकतात. पान आधीच बदलले असेल तर ऑर्डरचा ईमेल शोधा, त्यात बहुधा वस्तूचे पूर्ण शीर्षक असते. ‘नवीन’ असा शब्द तिथे असेल तर तोही धरा. सप्टेंबर २०२२मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (ग्राफिक्स कार्डांवर गणिते करून चलन मिळवणे) थांबले आणि वर्षानुवर्षे दिवसरात्र राबलेली अशी असंख्य कार्डे साफसूफ करून बाजारात आली. रंगीत चौकोन हे मेमरी थकल्याचे नेहमीचे लक्षण आहे. वापरलेले कार्ड नवीन म्हणून विकणे हीदेखील वर्णनातलीच विसंगती.

पुराव्यासाठी एकच सलग व्हिडिओ करा, मध्ये कट नको. कार्डावरचा सिरियल नंबर आणि पार्सलवरचा ट्रॅकिंग क्रमांक दाखवा, कार्ड बसवा, संगणक सुरू करा, कार्डाची माहिती दाखवणारे जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडा आणि ‘शेडर्स’च्या चौकटीतला आकडा, म्हणजे स्ट्रीम प्रोसेसरची संख्या, स्पष्ट दिसू द्या. त्याच सॉफ्टवेअरमधल्या ‘व्हॅलिडेशन’ने निकाल ऑनलाइन नोंदवता येतो आणि त्याची लिंक मिळते. ती दाव्यात द्या. मग ओसीसीटी या तपासणी सॉफ्टवेअरची व्हिडिओ मेमरी चाचणी लावा आणि चुका मोजल्या जाताना दहा-पंधरा मिनिटे चित्रण चालू ठेवा. ही चाचणी करण्यापूर्वी सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर काढणाऱ्या सॉफ्टवेअरने जुना ड्रायव्हर पुसून नवीन टाका आणि कार्ड दुसऱ्या संगणकावर, किमान ५०० वॉटच्या चांगल्या एसएमपीएसवर बसवून पाहा. मूळ आरएक्स ५८० एकटे १८५ वॉटच्या आसपास खेचते. एसएमपीएसच्या जुन्या पद्धतीच्या मोलेक्स वायरीला जोड लावून कार्डासाठी ८ पिनांची वायर केली असेल तर तो जोड काढा, नाहीतर विक्रेता नेमके तेच बोट दाखवील. दुसऱ्या संगणकावरही चौकोन आले तर दुकानदाराकडून लेटरहेडवर चार ओळी घ्या : तारीख, सिरियल नंबर, कोणत्या एसएमपीएसवर तपासले, काय दिसले. कार्डाचा पंखा किंवा हीटसिंक मात्र कोणालाही उघडू देऊ नका. स्क्रूवरचे स्टिकर फाटले की ‘तुम्हीच बिघडवले’ म्हणायला विक्रेत्याला जागा मिळते.

विक्रेत्याला शेवटचा निरोप साध्या इंग्रजीत, पेपॅलच्याच पानावर पाठवा, व्हॉट्सॲपवर नको. मजकूर एवढाच : ‘जाहिरातीत २३०४ प्रोसेसरचे नवीन कार्ड होते, आलेले कार्ड २०४८चे आणि सदोष आहे. मला पूर्ण परतावा हवा आहे. कार्ड परत पाठवायला मी तयार आहे, परतीचा पूर्ण पत्ता आणि खर्चाची सोय इथेच लिहा. तक्रार बंद करणार नाही.’ कार्ड परत द्यायची तयारी तारखेसह लिहून ठेवणे हा यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, त्याचे कारण पुढे येईल. १५ टक्क्यांना ‘बघू’ असेही उत्तर देऊ नका. अंशतः परतावा स्वीकारलात की प्रकरण तिथेच मिटले असे धरले जाते.

पेपॅल बहुधा ‘कार्ड परत पाठवा, मग पैसे’ असा निर्णय देईल आणि परतीचा खर्च सहसा ग्राहकाच्याच गळ्यात पडतो. तो हजार-दोन हजारांच्या घरात जाऊ शकतो. तुमच्या ११,४०० रुपयांसाठी तो करावा असे माझे मत आहे. तीन-चार हजारांची वस्तू असती तर वाटाघाटीने निम्मे पैसे घेऊन सोडून द्या म्हणालो असतो. पार्सल पाठवताना फक्त पेपॅलने कळवलेला पत्ता वापरा. विक्रेता वेगळ्या ईमेलने दुसराच पत्ता देतो, ग्राहक तिथे पाठवतो आणि मग ‘आम्हाला मिळालेच नाही’ असे उत्तर येते. पोहोच दिसेल असे ट्रॅकिंग हवेच. किंमत खरी लिहा. ‘गिफ्ट, ५ डॉलर’ लिहा असा आग्रह झाला तरी ऐकू नका. पार्सल गहाळ झाले तर तुमच्याच सहीने ती वस्तू ५ डॉलरची ठरते.

हाच प्रश्न पार्सल तुमच्याकडे येताना त्यावर लावलेल्या लेबलाचाही आहे. विक्रेत्याने येतानाच किंमत पाडून लिहिली असेल तर सीमाशुल्काचा परतावा मागताना ती आडवी येईल. सीमाशुल्क कायदा, १९६२च्या कलम २६ए खाली सदोष किंवा ठरल्यापेक्षा वेगळा माल निघाला तर भरलेले शुल्क परत मिळू शकते. अट अशी की दोष शोधण्यापुरताच वापर झालेला असावा आणि माल सोडवण्याचा आदेश झाल्यापासून ३० दिवसांत तो परत निर्यात करावा, सीमाशुल्काकडे सोडून द्यावा किंवा अधिकाऱ्यासमोर नष्ट करावा. सबळ कारण दिले तर आयुक्त ही मुदत जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकतात. तुमचे ३० दिवस गेले आहेत आणि एका कार्डावरच्या शुल्कासाठी एवढे हेलपाटे परवडणार नाहीत, म्हणून यात शिरू नका. पन्नास-साठ हजारांचे सर्व्हर बोर्ड असते तर पहिल्याच आठवड्यात कुरिअरकडून बिल ऑफ एंट्रीची (आयात मालाचे सीमाशुल्काकडे भरलेले विवरण) प्रत मागवून अर्जाला लागायला सांगितले असते.

पेपॅलने दावा फेटाळला तर बँकेचे दार उघडे असते. बँकेमार्फत कार्डावरचा व्यवहार उलटवून पैसे परत मागणे, याला चार्जबॅक म्हणतात. व्हिसाच्या नियमांत ‘वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सदोष माल’ हे कारण १३.३ या क्रमांकाने आहे. मास्टरकार्डवर अशा तक्रारी ४८५३ खाली जातात. मुदत साधारण १२० दिवस. माल मिळाल्यापासून मोजली तर तुमच्याकडे ८० दिवस आहेत. पण बँकेच्या टेबलावर बसलेला माणूस व्यवहाराच्या तारखेपासून मोजू लागला तर ५९च उरतात, म्हणून ५९ धरून चाला. व्हिसाच्या या कारणात माल परत केलेला किंवा परत करण्याचा प्रयत्न केलेला असावा लागतो, आणि त्यानंतर १५ दिवस थांबावे लागते. विक्रेत्याने पत्ताच दिला नाही तर आज पाठवलेला तो तारखेचा निरोप हाच तुमचा ‘प्रयत्न’. मात्र पेपॅलचा दावा चालू असताना चार्जबॅक टाकू नका, कारण बँकेकडे गेलात की पेपॅल आपला दावा बंद करते. निकालाची वाट पाहा, पण सहा आठवड्यांत लागला नाही तर आणखी थांबू नका, बँकेकडे जा.

बँकेला फोन पुरेसा नाही. लेखी अर्ज, तक्रार क्रमांक आणि जोडपत्रांची यादी द्या. ‘पेपॅलला दिलेले पैसे आहेत, आम्ही काही करू शकत नाही’ असे उत्तर काउंटरवर मिळाले तर तेच लेखी मागा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा अर्ज पुढे न पाठवताच फेटाळला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर, विनाशुल्क तक्रार करता येते. ती बँकेच्या सेवेतल्या त्रुटीविरुद्ध असते, विक्रेत्याविरुद्ध नसते. अर्जाची भाषा तशीच ठेवा.

ग्राहक आयोगाचे म्हणाल तर हक्क पुरेपूर आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून ती घरबसल्या दाखल होते आणि मुदत दोन वर्षांची आहे. व्यवसायासाठी घेतले म्हणून ‘ग्राहक’ नाही, अशी हरकत येईल. पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने त्या अपवादातून सोडवली आहे. ‘वाद झाल्यास हाँगकाँगमध्ये लवाद’ अशी अट वेबसाइटवर असली तरी आयोगाचे दार बंद होत नाही, हे एमार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयात पक्के झाले. परदेशातून भारतीय ग्राहकांना पद्धतशीर विक्री करणाऱ्यांना २०२०चे ई-कॉमर्स नियमही लागू आहेत.

अडचण आदेशानंतर आहे. विक्रेत्याचे भारतात कार्यालय नाही, खाते नाही, माणूस नाही. कलम ७१ खाली वसुली करायची तर जप्त करायला इथे काहीतरी हवे. चीनमध्ये थेट टपालाने समन्स बजावण्याला त्या देशाने हेग कराराखाली (देशोदेशी न्यायालयीन कागद बजावण्याचा करार) हरकत घेतलेली आहे, म्हणून बजावणीतच महिने जातात. वकिली नोटीस पाठवून तुमचे दोन-तीन हजार जातील आणि ती तिथे कोणी वाचणार नाही. आयोग कामाला येतो तो मध्यस्थ इथला असेल तेव्हा : भारतात कार्यालय असलेली बाजारपेठ असेल किंवा तुमच्या बँकेने मुदत दवडली असेल. अशी तक्रार पुढे करावी लागली तर स्क्रीनशॉट आणि व्हिडिओंना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा.

पोलिसांत जाण्याने सध्या काही साधणार नाही. फसवणुकीत सुरुवातीपासूनचा खोटा हेतू दाखवावा लागतो आणि तुमच्याकडे वस्तू आलेली आहे, ट्रॅकिंग खरे आहे. वेबसाइटच गायब झाली किंवा डब्यात कार्डाऐवजी विटेचा तुकडा निघाला असता तर त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा म्हणालो असतो.

एक शक्यता राहते. परत पाठवण्याचा खर्च नको म्हणून विक्रेता कार्ड तुमच्याकडेच राहू देईल आणि सगळे पैसे परत करील. तसे झाले आणि ते कार्ड पुढे कोणाला विकलेत, तर ‘२०४८ प्रोसेसर, मेमरीत दोष’ असे लिहूनच विका. नुसते ‘आरएक्स ५८०’ म्हणून विकलेत तर घेणाऱ्याची तुमच्याविरुद्ध हीच तक्रार उभी राहील, आणि तुम्ही शेन्झेनला नाही, मिरजेत राहता.