'कबूल' म्हणण्याआधी

प्रिय,

पत्रात लिहिलं आहेस की जेएमएफसी, म्हणजे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याच्या कोर्टात नुसत्या किरकोळ केसेस येतात, शिकण्यासारखं काही नाही. या कोर्टाला ३ वर्षांपर्यंत कैद देता येते, आणि १ जुलै २०२४ पासून दंडाची मर्यादा १०,००० वरून ५०,००० रुपयांवर गेली आहे. ज्याला आत जायचंय त्याला विचार, किरकोळ का ते.

पण मला खरी भीती वाटते ती दंडाच्या केसेसची. पुकारा होतो, पक्षकार पिंजऱ्यात उभा राहतो. त्याचा आजचा रोज बुडालेला असतो. पैरवीचा, म्हणजे कोर्टातलं पोलिसांचं काम बघणारा हवालदार तुझ्या कानाशी कुजबुजतो, "वकीलसाहेब, कबूल करून टाका, लगेच मोकळे." न्यायाधीश साहेब विचारतात, "गुन्हा कबूल आहे का?" आणि पक्षकार तुझ्या तोंडाकडे बघतो.

वकिलीच्या दुसऱ्या वर्षी अशाच एका पोराला मी मान हलवून 'हो' सांगितलं. भांडण, साधी दुखापत. दंड भरला, अर्ध्या तासात काम उरकलं. मला वाटलं, काय झटपट निकाल लावला! चार वर्षांनी तो चारित्र्य पडताळणीचा कागद घेऊन दारात उभा. भरतीत निवड झालेली, पण ती जुनी शिक्षा आडवी आलेली. "साहेब, दंड तर भरला होता ना मी?" अपिलाची मुदत केव्हाच टळली होती. मुदत असती तरी उपयोग नव्हता. स्वतः कबुली दिलेल्याला अपील मिळतं ते शिक्षा किती आणि ती कायदेशीर आहे की नाही, एवढ्यापुरतंच. दोषी ठरलास ते ठरलास.

आणि ती केस मिटण्यासारखी होती, हे जास्त लागतं. साधी दुखापत तडजोडपात्र आहे. मार खाणाऱ्यानं तडजोड केली की तिचा परिणाम निर्दोष सुटण्यासारखाच. फिर्यादी त्याच्याच आळीतला. मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो.

म्हणून पुकाऱ्याआधी पक्षकाराला व्हरांड्यात घे आणि काय घडलं ते त्याच्या तोंडून ऐक. समन्स खटल्यात, म्हणजे कमी शिक्षेच्या गुन्ह्याच्या खटल्यात, कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवायची असते. "मारलं, पण त्यानं आधी माझा गळा धरला" ही गुन्ह्याची कबुली नव्हे, तो बचाव आहे. साहेबांच्या समोर ६० प्रकरणं असतात. घाईत 'पण'च्या पुढचं गळून जातं. ते गळू द्यायचं नाही, यासाठी तू उभी आहेस.

कबुलीच द्यायची ठरली, तर त्याच दमात १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा, म्हणजे शिक्षेऐवजी हमीवर सोडण्याचा, अर्ज दे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं, तर त्या कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू देत नाही. हा अर्ज फार थोडे वकील देतात. का, ते मला अजून कळलेलं नाही.

मंगळवारच्या तुझ्या जुगाराच्या केसचं दोषारोपपत्र घेऊन रविवारी ये. पंचनाम्याची वेळ आणि फिर्याद नोंदवल्याची वेळ आधी पेन्सिलनं शेजारी शेजारी लिहून आण.

तुझा,
सर