गुण सावकाश, त्रास लगेच : नैराश्यावरील गोळ्यांविषयी वाचकांचे प्रश्न

एस्सिटालोप्राम हे नैराश्य आणि चिंताविकार यांवर जगभर मोठ्या प्रमाणावर दिले जाणारे औषध आहे. हे किंवा याच वर्गातील सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांपैकी एखादे औषध घेणाऱ्या वाचकांना आम्ही आपले अनुभव मोकळेपणाने कळवण्याची विनंती केली होती. आलेल्या पत्रांत ‘या गोळीने मला माणसांत आणले’ असे लिहिणारे आहेत, तसेच ‘हिच्यापेक्षा आजार परवडला’ असे लिहिणारेही आहेत, आणि पुष्कळदा ही दोन्ही वाक्ये एकाच पत्रात थोड्या अंतराने आली आहेत. त्यांतील काही प्रश्न नावे गाळून येथे घेतले आहेत.

प्रश्न : एस्सिटालोप्रामची गोळी सुरू करून आठवडा झाला. सकाळी उठल्यापासून मळमळते, तोंडाला कोरड पडते, रात्री सारखी जाग येते आणि जिवाची घालमेल पूर्वीपेक्षा वाढली आहे. गुण मात्र काडीचाही नाही. घरचे म्हणतात, बंद कर. काय करावे?

उत्तर : आपण ज्या आठवड्याविषयी लिहिले आहे तो बहुतेकांना जड जातो, आणि त्याची पूर्वकल्पना दिली गेली नसेल तर अनेक रुग्ण नेमके याच टप्प्यावर औषध सोडून देतात. चेतापेशी बाहेर सोडलेले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन पुन्हा आत शोषून घेतात. ही गोळी पोटात गेल्यावर काही तासांतच ती क्रिया रोखू लागते. शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यांत असल्यामुळे मळमळ, जुलाब, भूक मंदावणे हे त्रास लगोलग जाणवतात. मेंदूतील पेशींना मात्र या बदलाशी जुळवून घ्यायला काही आठवडे लागतात आणि मनःस्थितीतील सुधारणाही त्याच गतीने येते. म्हणूनच त्रास आधी आणि गुण मागाहून, असा उलटा क्रम रुग्णाच्या वाट्याला येतो. मळमळ आणि डोकेदुखी साधारणपणे एक-दोन आठवड्यांत ओसरते. गोळी जेवणानंतर घेतल्याने मळमळ कमी होते, आणि झोप मोडत असेल तर ती रात्रीऐवजी सकाळी घ्यावी. डोस ५ मिलिग्रॅमवर आणून पुढे हळूहळू वाढवता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे.

गुण दिसू लागायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि पुरेशा डोसवर सहा ते आठ आठवडे होईपर्यंत औषध लागू पडले नाही असा निष्कर्ष काढू नये. पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार लक्षात आली, ती म्हणजे सुधारणा पुष्कळदा रुग्णाच्या आधी घरच्यांच्या ध्यानात येते. एका वाचकाने लिहिले आहे की, ‘मला काहीच फरक वाटत नव्हता, पण बायको म्हणाली, आज तू न सांगता अंघोळ केलीस.’ झोप, भूक, हालचालीतील उत्साह आधी सुधारतो, तर उदासी आणि स्वतःविषयीचा कठोरपणा सगळ्यांत शेवटी हलतो.

तरीही काही त्रास असे आहेत की ते सोसत बसायचे नसतात. एका जागी बसवतच नाही, पाय सतत हलत राहतात, आतून कोणी ढकलत असल्यासारखे वाटते, अशी तीव्र अस्वस्थता आली, किंवा जीव द्यावा असे विचार नव्याने येऊ लागले वा वाढले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले आणि किशोरवयीन रुग्णांसाठी याविषयी ठळक इशारा छापणे बंधनकारक केले आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. याउलट झोपेची गरजच न वाटणे, अखंड बोलणे, बेहिशेबी खर्च करणे असे काही दिसले, तर मूळ आजार द्विध्रुवी, म्हणजे कधी टोकाची उदासी तर कधी टोकाचा उत्साह अशा स्वरूपाचा असू शकतो आणि त्यावर केवळ ही गोळी देणे योग्य नसते.

प्रश्न : चार महिन्यांपासून गोळी घेते आहे. पूर्वीचे रडणे थांबले, कामावर जाऊ लागले. पण मुलगी परगावी शिकायला निघाली तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडत होती आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत तिच्या बॅगेची चेन नीट लागली आहे की नाही ते पाहत होते. मला काहीच वाटले नाही. मी दगड झाले आहे का?

उत्तर : आपण दगड झालेला नाहीत. जी बाई दगड झाली असती तिला हे पत्र लिहावेसे वाटले नसते. या वर्गातील औषधे घेणाऱ्या पुष्कळ रुग्णांना हा अनुभव येतो. दुःखाची धार बोथट होते, पण तिच्याबरोबर आनंदाची, मायेची आणि रागाचीही धार जाते. गायन शिकणाऱ्या एका वाचकाने हेच वेगळ्या शब्दांत कळवले आहे : सूर बरोबर लागतो, पण अंगावर काटा येत नाही.

याची दोन कारणे असू शकतात आणि त्यांत फरक करणे महत्त्वाचे आहे. काही वेळा हे अर्धवट बऱ्या झालेल्या नैराश्याचेच शिल्लक लक्षण असते, आणि त्यावर उपचार वाढवावे लागतात. काही वेळा ते औषधाचे काम असते, आणि तेव्हा डोस कमी करणे किंवा बुप्रोपिऑनसारख्या वेगळ्या वर्गातील औषधाकडे वळणे उपयोगी पडते. झोप, भूक, कामातील लक्ष हे सगळे ताळ्यावर आले असून फक्त भावनाच बधिर असतील, आणि हा बधिरपणा गोळी सुरू केल्यानंतर किंवा डोस वाढवल्यानंतर आला असेल, तर संशय औषधावर जातो. म्हणून तारखा आठवून डॉक्टरांना सांगाव्यात आणि बॅगेच्या चेनचा प्रसंगही जसाच्या तसा सांगावा. ‘बरे वाटते, पण तितकेसे नाही’ या मोघम वाक्यापेक्षा त्या एका प्रसंगातून डॉक्टरांना कितीतरी अधिक कळेल. रडणे थांबले म्हणजे रुग्ण बरा झाला असे घरातले आणि कधीकधी डॉक्टरही धरून चालतात. माझ्या मते ही अपेक्षा फार तोकडी आहे.

प्रश्न : संकोच वाटतो, पण विचारतो. औषधाने मन शांत झाले, मात्र शरीरसंबंधाची इच्छा राहिली नाही आणि संबंध आलाच तरी तो पूर्णत्वाला जात नाही. पत्नीला वाटते, माझे तिच्यावरचे मन उडाले. हे डॉक्टरांना सांगण्यासारखे आहे का?

उत्तर : अवश्य सांगावे. हा या औषधांचा अगदी नेहमीचा दुष्परिणाम आहे, तो स्त्रियांनाही होतो, आणि त्याची कल्पना पहिली गोळी लिहून देतानाच दिली पाहिजे, असे मी आग्रहाने म्हणेन. नैराश्यानेही कामेच्छा मंदावते, त्यामुळे आधी काय होते आणि गोळीनंतर काय झाले, हे वेगळे करून सांगावे. मळमळीसारखा हा त्रास आपोआप ओसरेल असे गृहीत धरता येत नाही. डोस घटवणे, किंवा बुप्रोपिऑन अथवा मिर्टाझापिनसारखे या बाबतीत कमी त्रासदायक औषध निवडणे, असे मार्ग आहेत. मनानेच अधूनमधून गोळी चुकवणे हा मार्ग नव्हे. औषध बंद केल्यावर हा त्रास बहुतेकांचा जातो, परंतु काहींच्या बाबतीत तो नंतरही टिकल्याच्या नोंदी आहेत, आणि युरोपीय औषध संस्थेने २०१९ मध्ये तसा उल्लेख माहितीपत्रकात करण्याची शिफारस केली. पत्नीला हे उत्तर वाचायला द्यावे, किंवा पुढच्या भेटीला सोबत न्यावे.

प्रश्न : कोणी म्हणते या गोळ्या म्हणजे साखरेच्या गोळ्या, कोणी म्हणते त्यांनी प्राण वाचवले. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : दोघांच्याही अनुभवावर, पण दोघांच्याही सरसकट निष्कर्षावर नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात २१ औषधांच्या ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. सर्व औषधे निष्क्रिय, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली, मात्र सरासरी फरक माफक होता. सरासरी माफक असते तेव्हा तिच्या पोटात भरघोस गुण आलेले आणि काहीच गुण न आलेले असे दोन्ही रुग्ण असू शकतात. अमेरिकेतील एका प्रदीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात पहिल्याच औषधाने लक्षणे जवळपास पूर्ण गेलेले रुग्ण एक तृतीयांशाच्या आसपास होते आणि इतरांना औषध बदलावे किंवा जोडावे लागले. त्यामुळे शेजारच्या माणसाला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडली नाही तर त्यात आपला दोष नाही, आणि दुसरे औषधही व्यर्थ जाईल असे नाही. आजार सौम्य असेल तर संवादातून होणारे मानसोपचार आधी करून पाहावेत. तो तीव्र असेल तर औषध टाळण्यात धोका आहे. ‘मेंदूत सेरोटोनिन कमी पडते म्हणून नैराश्य येते’ हे पूर्वी सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण मात्र आता टिकणारे नाही. औषधाचा उपयोग होतो, म्हणून आजाराचे कारण तेवढेच, असे होत नाही.

प्रश्न : छान वाटू लागले म्हणून पाचव्या महिन्यात मनानेच गोळी बंद केली. तिसऱ्या दिवसापासून चक्कर येते, डोळे फिरवले की डोक्यात करंट गेल्यासारखे होते, विनाकारण रडू येते. मला या गोळीचे व्यसन लागले का?

उत्तर : व्यसनात माणसाला त्या पदार्थाची ओढ लागते आणि मात्रा वाढवत न्यावीशी वाटते, या औषधांच्या बाबतीत तसे होत नाही. परंतु शरीर औषधाला सरावते आणि ते एकाएकी काढून घेतले की तक्रार करते, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि पूर्वी ही तक्रार फार हलक्यात घेतली गेली. करंटसारखे झटके हे तिचे ठळक लक्षण. एस्सिटालोप्रामचे रक्तातील प्रमाण सुमारे ३० तासांत निम्मे होते, त्यामुळे काही दिवसांतच त्रास सुरू होतो. शरीरात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या फ्लुओक्सेटिनमध्ये तो कमी असतो, पॅरोक्सेटिनमध्ये आणि व्हेन्लाफॅक्सिन या नैराश्यावरील आणखी एका औषधामध्ये अधिक. आजार उलटला तर तो सहसा हळूहळू, काही आठवड्यांत डोके वर काढतो आणि त्यात करंट नसतो. औषध पुन्हा सुरू केल्यावर त्रास दोन-तीन दिवसांत निवळला, तर तो बंद करण्याचाच त्रास होता असे समजावे.

आता डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी पुन्हा सुरू करून ती पायरीपायरीने उतरवावी लागेल. येथे एक बाब फारशी सांगितली जात नाही. १० मिलिग्रॅमवरून ५ वर येणे सोपे जाते, पण ५ वरून शून्यावर येणे कठीण असते, कारण कमी डोसलाही मेंदूवरील परिणाम बराच टिकून असतो आणि शेवटच्या पायरीवर तो एकदम कोसळतो. म्हणून अखेरच्या पायऱ्या सर्वांत लहान ठेवाव्यात; त्यासाठी काही ठिकाणी द्रवरूप औषधही मिळते. पूर्ण बरे वाटू लागल्यानंतर किमान सहा महिने औषध चालू ठेवावे असा सर्वसाधारण सल्ला आहे, आणि आजार वारंवार उलटत असेल तर त्याहून अधिक. दीर्घकाळ औषध घेऊन बरे असलेल्या रुग्णांच्या २०२१ मधील एका अभ्यासात, औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ३९ टक्के आणि हळूहळू बंद करणाऱ्यांपैकी ५६ टक्के लोकांचा आजार वर्षभरात उलटला. म्हणजे बंद करण्यात जोखीम आहे, तरी बंद करूनही अनेक जण बरे राहिले. हा निर्णय आयुष्यात तुलनेने निवांत काळ असताना घ्यावा.

प्रश्न : सत्तरी ओलांडलेल्या आईला तीन आठवड्यांपूर्वी एस्सिटालोप्रामची गोळी सुरू झाली. दोन दिवसांपासून ती गोंधळल्यासारखी बोलते, तोल जातो. सांधेदुखीच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्याही चालू आहेत.

उत्तर : हे वयामुळे किंवा नैराश्यामुळे आहे असे समजून थांबू नये, आजच डॉक्टरांना दाखवून रक्तातील सोडियम तपासून घ्यावे. वयस्कर रुग्णांत, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या सोबत असतील तर, या औषधाने सोडियम घसरू शकते आणि गोंधळ, अशक्तपणा, तोल जाणे ही त्याची लक्षणे असतात. सांधेदुखीच्या गोळ्यांबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोकाही वाढतो, म्हणून काळी शौच होते का ते विचारावे. वेदनेवर ट्रामाडॉल दिले जात असेल तर तेही सांगावे, कारण ही दोन औषधे एकत्र आल्यास सेरोटोनिनचा अतिरेक होऊन थरथर, घाम आणि ताप येऊ शकतो. या वयात एस्सिटालोप्रामचा डोस सामान्यतः १० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत. जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे, विनाचिठ्ठी आणलेल्या गोळ्यांसह, एका पिशवीत घालून सोबत न्यावीत.