कोंब, मोड, धुमारा की फुटवा?

एका ताईंनी विचारलंय : "छाटलेल्या गुलाबाला कोंब आले असं मी म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, कोंब बटाट्याला येतात, गुलाबाला धुमारे फुटतात. अर्थ एकच ना? मग मोड, फुटवा, पालवी हे शब्द कशाला?"

सासूबाईंचा कान तयार आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण कोवळं काहीतरी बाहेर आलं एवढंच ते सांगत नाहीत. ते कुठून आलं, हेही त्या शब्दातच असतं.

आधी मोड, कारण तो सगळ्यांत फसवा. भिजवलेल्या मटकीतून पांढरी शेपटी डोकावते, तिला आपण मोड म्हणतो आणि ते रोपाचं डोकं आहे असं धरून चालतो. खरं तर ते त्याचे पाय आहेत! बहुतेक बियांतून पहिल्यांदा मूळच बाहेर पडतं, पानं मागून येतात. मोड आलेला एक दाणा ओल्या कापसावर शेपटी वर करून ठेवून बघा. दुसऱ्या दिवशी तिचं टोक खाली वळलेलं दिसेल. थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायती अभ्यासकाने १८०६ साली याचा छडा लावला. पाण्यावर फिरणाऱ्या उभ्या चाकाला त्याने रुजणाऱ्या बिया बांधल्या आणि चाक जोरात फिरत ठेवलं. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेने वाढली, कोंब आतल्या आसाकडे. मुळाच्या टोकाशी काही पेशींमध्ये पिठाचे जड कण असतात. ते ज्या बाजूला बसतात तिला मूळ 'खाली' समजतं. चाकावर ते कण बाहेरच्या बाजूला फेकले जात होते, म्हणून मूळही तिकडे वळलं.

आपली भाषा हा क्रम केव्हापासून धरून आहे. बी आधी 'रुजतं', मग 'उगवतं'. रुजणं मातीखालचं, उगवणं मातीवरचं. पेरल्यावर आठ दिवसांत काही दिसलं नाही की आपण "रुजलं नाही वाटतं" म्हणतो. कधी कधी ते रुजलेलं असतं, फक्त उगवायचं राहिलेलं असतं. अंकुर या संस्कृत शब्दात दोन्ही येतं, पण बोलताना तो फारसा येत नाही. तो कवितेचा आणि पाठ्यपुस्तकाचा.

क्रियापदं पाहा. अंकुर फुटतो, धुमारे फुटतात, पालवी फुटते. मोड मात्र 'येतात', आणि आपण ते 'आणू'ही शकतो. "मटकीला मोड आणले" हे सहज मराठी आहे, "झाडाला पालवी आणली" असं कुणी म्हणत नाही.

कोंब जाड, टोकदार आणि रसरशीत. साठवलेल्या अन्नावर तो वाढतो : आल्याचा, हळदीचा, बांबूचा, बटाट्याचा. बटाट्यावरच्या खळग्यांना आपण डोळे म्हणतो. प्रत्येक डोळा म्हणजे झोपलेली कळी, कारण बटाटा हे मूळ नसून जमिनीखाली फुगलेलं खोड आहे. रताळं मात्र खरंच मूळ, म्हणून त्यावर असे डोळे सापडत नाहीत. अंधारात ठेवलेल्या बटाट्याचे कोंब लांबुडके, पांढुरके होतात. शिदोरी उजेड शोधत लांब वाढण्यात खर्च होते, आणि हिरवं व्हायला जो उजेड लागतो तोच तिथे नसतो. केळीच्या बुडाशी येतात त्यांना मात्र मुनवे म्हणायचं, तिथे कोंब म्हटलं की बागायतदार लगेच ओळखतो की हा नवखा आहे.

धुमारा जून लाकडातून येतो. तोडलेल्या खोडाच्या सालीतून चार-पाच लालसर फुटी एकदम बाहेर पडतात, ते धुमारे. कल्पनेलाही धुमारेच फुटतात, ते या अनपेक्षितपणामुळे. फुटवा तसा अनपेक्षित नाही. भाताला, उसाला बुडाशी तो येतोच, आणि शेंडा खुडला की कुंडीतल्या रोपालाही येतो. शेंड्यात तयार होणारं एक संप्रेरक खाली उतरत असतं आणि बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला. पानाच्या बेचक्यातून निघते ती बगलफूट, आणि सरळसोट वाढणारी, फळ न देणारी फांदी म्हणजे पाणसोट. हा शब्द मला फार आवडतो, ऐकताच ती फांदी डोळ्यांपुढे उभी राहते.

पालवी म्हणजे नुसती कोवळी पानं, मूळ शब्द पल्लव. ती पुष्कळदा तांबूस असते, कारण हरितद्रव्य भरायच्या आधीच पानात लाल रंगद्रव्य आलेलं असतं.

आता ताईंचा गुलाब. छाटणीनंतर फांदीवरच्या डोळ्यांतून जे आलं त्याला मी फुटवे म्हणेन. जुन्या, जाड खोडातून आलं असेल तर धुमारे, म्हणजे सासूबाई बरोबर. पण एकदा खाली वाकून बघाच. विकत आणलेला गुलाब बहुधा डोळा भरून, म्हणजे एका झाडाच्या खोडात दुसऱ्याचा डोळा बसवून, केलेला असतो. खाली रानगुलाबाचा खुंट, वर आपल्याला हवी ती जात, आणि जिथे डोळा भरला तिथे खोडाला गाठ दिसते. फूट त्या गाठीच्या खालून आली असेल, तर तो खुंटाचा फुटवा. तो कितीही तरतरीत दिसला तरी बुडापासून काढून टाका, नाहीतर तोच जोर धरतो आणि वरचा गुलाब मागे पडत जातो.