वादळातलं पांढरं

अनेक आशीर्वाद.

कोकणातल्या वादळावरची तुझी शाईची चित्रं आता दालनात लागणार. चित्रांत जोर आहे, पण कागद फार काळा झालाय. पावसाची सर, लाटेचा फेस, विजेची रेघ हा सगळा कोरा कागदच असतो. तेव्हा टाक बुडवण्याआधी काय राखायचं ते फिक्या पेन्सिलीनं आखून घे. मागाहून पांढऱ्या शाईनं ओढलेली सर कागदावर चिकटवल्यासारखी दिसते.

सरी सारख्या अंतरावर, एका कलानं ओढू नकोस, बांबूच्या चिकाचा पडदा होतो. कल थोडा बदलता ठेव. झाडापाशी सर तोड. कौलावर ती फुटते तिथे रेघ सोडून ठिपके दे.

वारा कुठून येतोय ते मात्र पक्कं हवं. आपल्याकडे चक्रीवादळ घड्याळाच्या उलट फिरतं. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्याला धडकलं. अशा वादळात केंद्राच्या दक्षिणेकडे वारा समुद्रावरून येतो, उत्तरेकडे जमिनीवरून समुद्राकडे सुटतो. केंद्रच गावावरून गेलं तर मध्ये शांत होतं आणि मग वारा उलटा फिरतो. एकाच वाडीची दोन चित्रं असतील, तर दुसऱ्यात माड विरुद्ध अंगाला झुकायला हवेत. झावळी नीट बघ. वाऱ्याकडची पाती मधल्या दांड्यावरून उलटून पलीकडे जातात, आणि झावळी एका बाजूलाच दात असलेल्या फणीसारखी होते. ही एवढी गोष्ट साधली, तर आभाळात निम्म्या रेघा पुरतात.

काळं चढवताना रेघांचा पहिला थर खडखडीत वाळू दे. दमट हवेत पंधरावीस मिनिटं सहज लागतात. ओल्यावर आडव्या रेघा मारल्या की कागदाचे तंतू उचकटतात, टाकाच्या चिरेत अडकतात आणि डाग पडतो. तीन थर पुष्कळ झाले, चौथ्यानंतर काळं निर्जीव होतं. नव्या निबवर तेलाचा हात असतो, तो साबणाच्या पाण्यानं काढ, नाहीतर शाई धरत नाही. कागद चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, सुती, गुळगुळीत घे. पावसाळ्यात त्याची खळ सैल पडून शाई फुटते, म्हणून सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत ठेव. वॉटरप्रूफ शाई फाउंटन पेनात कधीच भरू नकोस, ती आत वाळून बसते.

फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, आम्लरहित हवा असं बजावून सांग. चित्र काचेला टेकता कामा नये, दमटपणात चिकटतं आणि बुरशी धरते. चित्र चारी कडांनी डकवायचं नाही, हवेनं कागद फुगतो आणि लाटा येतात. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या, गव्हाच्या खळीनं. सेलोटेप अजिबात नको, तिचा पिवळा डाग जात नाही.

टांगताना चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटिमीटरवर ठेव. सगळ्यात काळं चित्र दारासमोर लावलंस, तर काचेचा आरसा होतो आणि बघणाऱ्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. ते बाजूच्या भिंतीवर ने, वरचा दिवा तिरका कर, आणि शेजारी एक हाताची भिंत मोकळी सोड.