पोलोत पैसा उलटा वाहतो

प्रश्न : गोल्फमधला हौशी खेळाडू बक्षिसाची मोठी रक्कम घेऊ शकत नाही. मग पोलोत हौशी आणि व्यावसायिक एकाच संघात कसे?

उत्तर : कारण पोलोत पैसे बहुधा हौशी माणूसच मोजतो! त्याला पेट्रन म्हणतात. घोडे, मोतद्दार, व्यावसायिकांचं मानधन, सगळा भार त्याच्यावर. बदल्यात चौघांच्या संघात एक जागा त्याची. दर चक्करला, म्हणजे सामन्याच्या प्रत्येक डावाला, ताजा घोडा लागतो, म्हणजे खिसा केवढा हवा ते बघा.

हे जमतं हँडिकॅपमुळे, म्हणजे खेळाडूची पातळी सांगणाऱ्या आकड्यामुळे. पोलोत तो उणे २ ते १० गोल असतो. गोल्फच्या उलट, जितका मोठा तितका खेळाडू चांगला. इंग्लंडच्या गोल्ड कप स्पर्धेत संघातल्या चौघांच्या हँडिकॅपची बेरीज २२च्या वर चालत नाही. पेट्रन शून्याचा असेल, तर १०चा एक आणि ६चे दोन घेता येतात. अशा पेट्रनचं काम मुख्यतः प्रतिस्पर्ध्याला अडवून धरायचं. चेंडूमागे धावायचा मोह पैसे भरणाऱ्याला आवरणं किती कठीण, हे वेगळं सांगायला नको. ब्युनॉस आयर्समधल्या पालेर्मो मैदानावरच्या अर्जेंटिना ओपन स्पर्धेत मात्र ही मर्यादा नाही. तिथे नवख्या पेट्रनची डाळ शिजत नाही.

गोल्फचा खाक्या वेगळा. जानेवारी २०२४मध्ये निक डनलप या हौशी विद्यार्थ्याने पीजीए टूर या व्यावसायिक गोल्फ मालिकेतली स्पर्धा जिंकली, पण पहिल्या बक्षिसाचे सुमारे १५ लाख डॉलर गेले उपविजेत्याला. डनलप काही दिवसांतच व्यावसायिक झाला.