माकड नव्हे, चिंपांझी

प्रश्न : ‘क्वांटम लीप’ या अमेरिकी मालिकेच्या एका भागात काळप्रवासी सॅम १९६१ मध्ये, अवकाश मोहिमेसाठी ठेवलेल्या माकडाच्या जागी जाऊन पडतो. असे प्रयोग खरंच झाले होते का? – एक वाचक, सातारा

उत्तर : काळप्रवास सोडला तर हो. पण आधी माझी तक्रार. ते माकड नव्हे, चिंपांझी. त्याला शेपूट नसतं. चाळीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, आता ही खोड कुठली जायला!

कॅमेरूनमधून आणलेल्या हॅम नावाच्या चिंपांझीला न्यू मेक्सिकोतल्या हॉलोमन हवाई तळावर शिकवलं गेलं. निळा दिवा लागला की कळ दाबायची. वेळेत दाबली तर केळ्याच्या चवीची गोळी, चुकलं की तळपायाला विजेचा झटका. (आमच्या वेळी छडी होती, गोळी मात्र नव्हती.) ३१ जानेवारी १९६१ ला तो फ्लोरिडातून उडाला. उड्डाण सुमारे साडेसोळा मिनिटांचं, त्यात साडेसहा मिनिटं वजनरहित. यानातला हवेचा दाब मध्येच घटला, पण त्याला ज्यात बसवलं होतं त्या बंद कोशामुळे तो वाचला, आणि कळाही दाबत राहिला. भारहीन अवस्थेत हात-डोकं चालतं का, हेच तर तपासायचं होतं. तीनच महिन्यांत ॲलन शेपर्ड हा पहिला अमेरिकी माणूस अवकाशात जाऊन आला.

परतल्यावर हॅमचे दात दाखवतानाचे फोटो छापून आले, लोकांना वाटलं हसतोय. चिंपांझी घाबरला की असेच दात विचकतो. पुढे छायाचित्रकारांसाठी पुन्हा यानातल्या त्या आसनावर बसवायला गेले, तेव्हा त्यानं साफ नकार दिला.